वहीतले नाव

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी आमच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरते. तिच्यात आजोबांचा चष्मा, शेतसाऱ्याच्या पावत्या, दोन-तीन जीर्ण पंचांगे आणि अगदी तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक जाड कागद असतो. कागदावर उसाच्या मोळीचे चित्र, खाली अनुक्रमांक आणि मधोमध शाईने घोटून लिहिलेले आजोबांचे संपूर्ण नाव. आमच्या भागातील एका सहकारी साखर कारखान्याच्या शेअरचा तो दाखला. लहानपणी मला वाटे की दिवाळीची साखर या कागदातूनच येते; आणि ते अगदीच खोटे नव्हते. सभासदांना सणासाठी सवलतीच्या दराने साखर मिळे. सायकलवरून पिशवी उतरवताना आजोबा म्हणत, "ही दुकानातली नव्हे रे, आपल्या कारखान्याची आहे." त्या 'आपल्या' शब्दावर त्यांचा जरा जोर असे.

यंदा पेटी उतरवली त्याच संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. नोकरीनिमित्त शहरात असतो. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग मान खाली घालून तो म्हणाला, "गुरुजी, शेअरबाजारात दीड वर्षाचा पगार घालवून बसलो."

मी विचारले, "कोणत्या कंपनीचे शेअर घेतले होतेस?"

तो गडबडला. "शेअर असे नव्हते गुरुजी. ऑप्शन होते. आठवड्याच्या शेवटी बाजाराचा आकडा कुठे असेल, त्याच्यावर पैसे लावायचे."

"मग तुझ्या मालकीचे काय होते?"

या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर नीट उत्तर माझ्यापाशीही नव्हते. त्या रात्री तो दाखला समोर ठेवून मी जुनी पुस्तके चाळीत बसलो. सामान्य माणूस शेअरचा मालक झाला तो केव्हा, कुठे आणि कसा? मला जे सापडले ते वाचकांपुढे मांडतो.

*

या कथेची पहिली नायिका एक मोलकरीण आहे, हे वाचून आमच्या गृहिणींना आनंद होईल.

१६०२ साली हॉलंडात पूर्वेकडील व्यापारासाठी एक मोठी कंपनी स्थापन झाली. भांडवल जमविण्यासाठी तिने दार सर्वांना उघडे ठेवले. किमान इतकी रक्कम हवी अशी अट नव्हती. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने भरावे. ॲमस्टरडॅममध्ये नावे नोंदविण्याची वही डर्क व्हान ओस नावाच्या संचालकाच्या घरी ठेवली होती. व्यापारी येत, सह्या करीत आणि जात. त्याच घरात नील्टगेन कॉर्नेलिस नावाची मोलकरीण कामाला होती. तिची दिवसाची कमाई अर्ध्या गिल्डरहूनही कमी. महिनाभर ती ही ये-जा पाहत होती. ३१ ऑगस्ट १६०२ हा शेवटचा दिवस. वही मिटण्याच्या सुमारास तिनेही धीर केला आणि १०० गिल्डर भरण्याचे कबूल करून आपले नाव लिहविले. त्या एका वहीत १,१४३ नावे आणि ३६ लाखांहून अधिक गिल्डर नोंदले गेले. धनाढ्य सावकारांच्या रांगेत एका भांडी घासणाऱ्या बाईचे नाव बसले!

आता या वहीतली खुबी पाहा. आपला वाटा दुसऱ्याला विकायचा असेल तर कंपनीच्या कारकुनापुढे जाऊन वहीत एकाचे नाव कमी करून दुसऱ्याचे चढवायचे, अशी सोय पहिल्याच पानावर सांगितलेली होती. कंपनीचे भांडवल जागचे हालत नसे, मालक मात्र बदलत. आजचा सारा शेअरबाजार या एका सोयीतून निघाला आहे.

पण नाव लिहिले म्हणजे अधिकार मिळाला, असे थोडेच आहे? कारभार संचालकांच्याच हाती राहिला. जमाखर्च कोणी दाखवीना. शेवटी १६२२ साली चिडलेल्या भागधारकांनी "हिशेब दाखवा" म्हणून पत्रके छापली. त्याच्या आदल्याच वर्षी, १६२१ साली, याच कंपनीने जायफळाच्या व्यापारासाठी बांदा बेटांवर कत्तल करून ती बेटे जवळजवळ निर्मनुष्य केली होती. आपल्या नावाने सातासमुद्रापार काय चालले आहे, हे ॲमस्टरडॅमच्या भागधारकांपैकी कितीजणांनी विचारले असेल? आमच्या वेंगुर्ल्याला ज्या डचांची वखार होती ते याच कंपनीचे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

*

हॉलंडातून आता आपल्या मुंबईत येऊ. मध्ये अडीचशे वर्षे गेली आहेत.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस सोन्यासारखा वाटू लागला. चार वर्षे मुंबईत पैशाचा पाऊस पडला. एवढ्या पैशाचे करायचे काय? तेव्हा कंपन्या निघाल्या. बँका, जहाजे, समुद्र हटवून जमीन काढणे, कशाकशासाठी निघाल्या याला सुमार नाही. या खेळाचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. व्यापाऱ्यांचे पाहून कारकून आणि दुकानदारही यात उतरले. पुष्कळांनी शेअर डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. अमुक तारखेस अमुक भावाने घेईन, एवढाच वायदा. तारीख यायच्या आत भाव चढला की मधला नफा खिशात.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला. देणारे कोणी नव्हते, घेणारेही नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. प्रेमचंद रायचंदही यात बुडाले. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबईत उभा आहे तो त्यांनी भरतीच्या काळात दिलेल्या देणगीतून. घड्याळ आजही वेळ सांगते. ज्यांची वेळ फिरली त्या सामान्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. लिहिणार तरी कोठे? त्यांच्यातल्या अनेकांनी शेअर घेतलेच नव्हते, पैज लावली होती.

या वादळातून वाचलेले दलाल पुढेही टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमत राहिले. १८७५ साली त्यांनी आपली संघटना बांधली. ३१८ सभासद आणि प्रवेशफी १ रुपया! मुंबईच्या शेअरबाजाराचा आरंभ तो हा.

याच काळात कायद्याने सामान्य माणसावर एक मोठा उपकार केला. पूर्वी कंपनी बुडाली तर भागधारकाचे घरदारही जप्त होऊ शके. १८७८ साली स्कॉटलंडातील ग्लासगो शहराची एक बँक बुडाली, तेव्हा १०० पौंडांचा भाग असलेल्या माणसाकडून देणेकऱ्यांसाठी २,७५० पौंड मागण्यात आले. कितीतरी कुटुंबे रस्त्यावर आली. कंपन्यांच्या नावापुढे आपण 'लिमिटेड' हा शब्द वाचतो आणि सोडून देतो. पण त्या शब्दाचा अर्थ असा की, भागापुरते गेले तर जाईल, चूल विझणार नाही. हा शब्द नसता तर शिक्षक, कारकून, विधवा बाया या वाटेला कधी फिरकल्याच नसत्या.

*

आपल्या देशातील या कथेचे सोन्याचे पान १९०७ सालचे आहे.

जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता. १९०४ साली ते निवर्तले. पुत्र दोराबजी भांडवलासाठी लंडनला गेले, तर तेथील सावकारांनी हात आखडता घेतला. वंगभंगानंतरचे स्वदेशीचे दिवस होते. दोराबजींनी ठरविले, आपल्याच लोकांपुढे झोळी पसरू. ऑगस्ट १९०७ मध्ये मुंबईत जाहीरपत्रक निघाले आणि टाटांच्या कचेरीला लोकांचा वेढा पडला. सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी हटेना. म्हातारे आले, तरुण आले, श्रीमंत आणि गरीब आले, बायकाही आल्या. तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंड जमले, आणि देणारे होते सुमारे ८,००० हिंदी लोक.

तीस कोटींच्या देशात आठ हजार म्हणजे किती, असे कोणी म्हणेल. पण या आठ हजारांनी कशावर नाव लिहिले ते पाहा. साकचीला तेव्हा जंगल होते. पहिले लोखंड निघायला १९११ चा डिसेंबर आणि पहिले पोलाद निघायला १९१२ चा फेब्रुवारी उजाडला. पुढे १९२४ साली कारखाना बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा दोराबजींनी आपली मालमत्ता आणि पत्नीचे दागिनेसुद्धा गहाण टाकून कर्ज उभे केले. भागधारकांना वर्षानुवर्षे लाभांश दिसला नाही. तरी कारखाना तगला.

सगळेच तगले असे नाही. दक्षिणेत तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळे यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली. २५ रुपयांचा एक असे ४०,००० शेअर, भांडवल १० लाख. इंग्रज कंपनीने भाडे इतके उतरविले की स्पर्धा अशक्य व्हावी. १९०८ साली चिदंबरम् तुरुंगात गेले आणि १९११ साली कंपनी मोडली. भाग म्हणजे नफ्याचा भाग तसा संकटाचाही भाग, हे त्या लोकांना पुरते कळून चुकले.

आणि आपल्या महाराष्ट्रात काय होते? येथे अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून पैसा फंड गोळा करीत होते. लोकमान्यांचा त्यांना पाठिंबा होता. माणशी वर्षाला एक पैसा! त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. माझ्या मते ही गोष्ट टाटांच्या गर्दीइतकीच थोर आहे. फरक एवढाच की पैसा देणारा दाता होता, मालक नव्हता. दात्याचा आपण आदर करतो. पण हिशेब मागायला लागतो तो मालक. आम्हा मराठी माणसांना दान करणे लवकर जमले, मालकी सांगणे मात्र उशिरा.

*

ते जमले उसाच्या मळ्यात. नगर जिल्ह्यातील लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडून भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा पंडित अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला. १९४८ साली नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी उसाचे गाळप सुरू झाले. त्याचे पाहून महाराष्ट्रभर सहकारी कारखाने निघाले. ज्याने दलाल स्ट्रीट कधी पाहिला नाही, अशा लाखो शेतकऱ्यांच्या तोंडी 'शेअर' हा शब्द बसला तो या कारखान्यांमुळे.

हा शेअर बाजारातल्या शेअरहून वेगळा. त्याचा भाव चढत नाही. आणि कंपनीत जितके शेअर तितकी मते, तर येथे माणूस एक आणि मत एक. शंभर एकरवाला आणि दोन एकरवाला सभेत सारखेच.

त्या सभेला आजोबा मला एकदा घेऊन गेले होते. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मोठा मांडव, कर्णे, पुढे पुढाऱ्यांच्या खुर्च्या. अहवालातला एकेक विषय वाचला जाई आणि मागून आरोळी उठे, "मंजूर! मंजूर!" मध्येच आजोबा उठून उभे राहिले. धोतर सावरीत म्हणाले, "गावच्या काट्यावर माझी गाडी भरली साडेतीन टन आणि कारखान्याच्या काट्यावर तीन. मधला अर्धा टन कुणी खाल्ला?" लोक हसले. कोणीतरी म्हणाले, "बसा, आप्पा." आजोबा बसले नाहीत. "मी सभासद आहे. माझा प्रश्न वहीत लिहा." कारकुनाने वर पाहिले, वरून मान हलली आणि प्रश्न लिहिला गेला. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. पण पुढच्या हंगामात काटा तपासला गेला, असे घरी बोलताना मी ऐकले.

आजोबा गेले. दाखला वडिलांच्या नावावर करायचा राहून गेला. आम्ही सवलतीची साखर मिळेल तोवर आणली, सभेला मात्र कोणी गेलो नाही. "मंजूर, मंजूर" चालूच राहिले. कर्ज वाढत गेले, एक दिवस कारखान्यावर अवसायक आला आणि पुढे तो विकला गेला. कोणी खाल्ला, याची चर्चा पारावर पुष्कळ झाली. मला मात्र स्वतःचीच लाज वाटते. प्रश्न विचारायला आमच्या घरातून कोण गेले होते?

*

शहरात याच काळात दुसरी वाट रुंदावत होती. १९६४ साली युनिट ट्रस्टने दहा रुपयांचे युनिट काढले आणि पगारदारांना शेअरबाजाराचा दुरून परिचय झाला. १९७३ च्या कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. साबण आणि दंतमंजन विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर सरकारने बांधून दिलेल्या माफक दरात लोकांना मिळाले. १९७७ साली धीरूभाई अंबानींच्या रिलायन्सने शेअर विक्रीला काढले ते सुमारे ५८,००० लोकांनी घेतले. पुढे भागधारकांची सभा भरवायला सभागृह पुरेना, ती कूपरेजच्या मैदानात मांडव घालून भरवावी लागली.

मग १९९२ चा हर्षद मेहता घोटाळा आला आणि १८६५ ची आठवण झाली. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे हात मिळाले. १९९६ पासून कागदी दाखले जाऊन डिमॅट खाती आली. शाई गेली तरी नाव राहिले. पण नावाचाही धंदा करणारे निघाले. २००५ च्या सुमारास सामान्यांसाठी राखून ठेवलेले नवे शेअर हजारो बनावट नावांच्या खात्यांनी लाटल्याचे सेबीला आढळले. नील्टगेनच्या जागेवर कोणी खोटीच नील्टगेन उभी करावी, तशातला हा प्रकार!

ऑगस्ट २०२२ मध्ये देशातील डिमॅट खाती १० कोटींच्या पुढे गेली. टाटांच्या कचेरीतील आठ हजारांपासून दहा कोटींपर्यंत! ऊर भरून यावा असाच हा आकडा आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला पाहिजे. मार्च २०२४ ला संपलेल्या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन खेळणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांचा हिशेब सेबीने मांडला. त्यांतील शंभरांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. माझा विद्यार्थी त्या ९३ पैकीच एक.

*

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. नील्टगेनचे सांगितले, तीन आठवडे उसळलेल्या गर्दीचे आणि १ जुलैचेही. म्हटले, "बाबा रे, तू शेअरबाजारात पैसे घालवले नाहीस; तू तिथे मालक म्हणून गेलाच नव्हतास. ज्यात तुझे नाव कोणत्याही कंपनीच्या वहीत चढत नाही, तो वडाखालचा जुनाच वायदा. आणि नाव चढले तरी काम संपत नाही, हे आमच्या घरावरून शीक."

त्याने दाखला हातात घेतला. आजोबांचे नाव मोठ्याने वाचले. मग विचारले, "गुरुजी, आता याची किंमत काय येईल?"

मी म्हणालो, "काही नाही."

"मग ठेवला कशाला?"

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे व्यापाऱ्यांसारख्या चोपड्या नसतात. शाळेचे हजेरीपट आणि घरखर्चाची वही एवढेच आम्ही पाटावर मांडतो. यंदा त्या वहीशेजारी हा दाखलाही ठेवणार आहे. मुलगी विचारील हे काय, तेव्हा तिला काट्याची गोष्ट सांगेन. आणि मुदतीत लाभांश न घेतल्याने सरकारी निधीत गेलेले शेअर या देशात थोडेथोडके नाहीत, तेही सांगेन. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. यंदा ती नुसती पुसून परत वर ठेवू नका. उघडून कागद पाहा. कोणाचे नाव आहे ते वाचा, कंपनी जिवंत आहे का त्याची चौकशी करा, वारसाचे नाव लावून घ्या. आणि सभेचे बोलावणे आले तर एकदा तरी जाऊन बसा.